काका, तुम्ही नको म्हणालात तरी हे आभार

नमस्कार काका,

तुमचं नाव लिहीत नाही, एए मध्ये (अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस, दारू सोडणारे एकमेकांना आधार देतात तो गट) कुणाचं नाव बाहेर सांगायचं नसतं हे आता आमच्या घरातही सगळ्यांना पाठ झालंय. पण हे वाचलंत की तुम्हाला लगेच कळेल कोणी लिहिलंय. समोर आभार मानायला लागलं की तुम्ही चहाचा विषय काढता, म्हणून इथेच सगळ्यांसमोर लिहितेय.

ह्यांची दारू सुटली त्याचे आभार तर आहेतच, पण दारू आधीही सुटायची हो. माळ घालून झाली, मुलीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ झाली, श्रावण कडक पाळून झाला, आणि गणपती गेले की परत सुरू. तुम्ही पहिल्यांदा घरी आलात तेव्हा मला वाटलं आता हेही शपथच घ्यायला लावणार, तर तुम्ही म्हणालात शपथ-बिपथ काही नको, आधी डॉक्टरकडे चला, रोज एवढी पिणाऱ्याने एकदम बंद केली तर फिट येऊ शकते, भास होतात, ते घरच्या घरी निभावण्यातलं नाही. आणि तिथून आल्यावर ह्यांना एवढंच सांगितलंत की जन्मभराचं राहू दे, आज प्यायची नाही, उद्याचं उद्या बघू. दुसऱ्या दिवशी सकाळी परत फोन करून तेच. तिसऱ्या दिवशी तेच. मिटिंगला न्यायला स्वतः गाडी घेऊन यायचात, पावसात सुद्धा.

पण मला मनापासून लिहायचंय ते वहीबद्दल. एएच्या बारा पायऱ्यांपैकी चौथी स्टेप, म्हणजे स्वतःचा हिशोब मांडायची, आली तेव्हा तुम्ही ह्यांना साधी दोनशे पानी वही आणायला लावलीत आणि पट्टीने चार रकाने आखून दिलेत. राग कुणाचा, कशामुळे, त्याने माझं काय दुखावलं, आणि शेवटचा, यात माझा वाटा काय. पहिले तीन भराभर भरले, पानंच्या पानं, चौथा कोराच. सगळ्यात वर धाकट्या दिरांचं नाव होतं, वाटणीत विहिरीकडची बाजू त्यांनी घेतली म्हणून. त्यावरून आमच्याकडे किती दिवाळ्या कडू झाल्यात ते मलाच माहीत. तुम्ही गॅलरीत बसून सगळं ऐकून घेतलंत, बिचारा म्हणाला नाहीत आणि रागावलाही नाहीत, नुसतं विचारलंत, मोजणीच्या दिवशी तू कुठे होतास रे? बऱ्याच वेळाने ह्यांनी लिहिलं, पिऊन गेलो होतो, सही कुठे केली ते आठवत नाही. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. इतक्या वर्षांत ह्यांच्या तोंडून असं सरळ वाक्य मी ऐकलं नव्हतं, त्यात पण नाही की परंतु नाही.

नंतर ज्यांना दुखावलं त्यांची यादी झाली, तेव्हा हे लगेच सगळ्यांच्या पाया पडायला निघाले होते. तुम्ही थांबवलंत. किराणावाल्याची उधारी आधी फेड, हप्त्याने फेड पण ठरल्या तारखेला दे. आणि मुलीला सॉरी म्हणू नकोस, तिने खूप सॉरी ऐकलेत, तिच्या क्लासच्या गेटवर वेळेवर जाऊन उभा राहा. काका, ती पहिले काही आठवडे मैत्रिणीच्या आईबरोबरच यायची, हे मागून रिकामी गाडी घेऊन यायचे. हळूहळू मागे बसायला लागली. आता उशीर झाला तर ती फोन करून झापते, आणि ते झापणं ऐकून मला किती बरं वाटतं काय सांगू.

आता रोज रात्री जेवण झालं की वही निघते. आज कुणावर चिडलो, खोटं काय बोललो, कुणाची माफी राहिली. चार-पाच ओळी असतात फार तर. कधी नुसतंच 'भूक लागली होती म्हणून ओरडलो' असतं, कारण तुम्ही शिकवलंत ना की भूक, राग, एकटेपणा आणि थकवा, या चारांवर आधी लक्ष ठेवायचं. मोठमोठे संकल्प ह्यांनी आयुष्यभर केले, पण माणूस बदलला तो या चार ओळींनी, असं माझं स्पष्ट मत आहे.

तुम्ही म्हणता की उपकार कसले, तुझ्या नवऱ्याकडे येतो म्हणून माझी सोब्रायटी, म्हणजे न पिता राहणं, टिकते. 1935 ची ती गोष्टही तुम्हीच सांगितलीत, अमेरिकेतल्या अॅक्रन गावात बिल नावाच्या माणसाला हॉटेलात प्यायची इच्छा झाली आणि त्याने बारमध्ये जायच्या ऐवजी फोन करून करून दुसरा एक दारुडा शोधला, ते डॉक्टर बॉब, दोघं बोलत बसले आणि त्यातून एए सुरू झालं. मान्य आहे काका. तरी पावसात गाडी काढणारे तुम्हीच होतात, आणि काकूंनी तुमचं ताट झाकून ठेवलेलं असायचं, त्यांचेही आभार.

आणि एक विनंती. मी आता अॅल-अॅनॉनला जाते, घरच्यांसाठी असतं ते, आणि माझीही वही आहे. पुढच्या वेळी नवीन कुणाच्या घरी जाल तेव्हा मलाही न्या. तुम्ही त्या माणसाशी बोला, मी आत त्याच्या बायकोजवळ बसते.

तुमची,
वहिनी