काकू, बाबांच्या मशीनसाठी तुमचे आभार

आदरणीय काकू,
सप्रेम नमस्कार.

५ मार्च २०२५ रोजी, ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ सुरू होतो त्या राखेच्या बुधवारी, कपाळावर राख लावून आपण दोघी नागपुरातल्या सदर भागातील सेंट फ्रान्सिस डी सेल्स कॅथेड्रलमधून परतत होतो, तेव्हा ईस्टरपर्यंत सावजी मटण आणि तर्री-पोहे सोडल्याचे मी तुम्हाला मोठ्या समाधानाने सांगितले. तुम्ही थोडा वेळ गप्प राहिलात आणि एवढेच विचारलेत, "आणि बाबांची मशीन?"

बाबांना जाऊन सहा वर्षे झाली होती आणि त्यांची शिलाई मशीन कुलपात होती. तिला कोणी हात लावलेला मला खपत नसे. भाचीने एकदा नुसते झाकण उघडले, तर मी तिच्यावर ओरडले होते. त्याला मी प्रेम म्हणत असे. जिथे माझा जीव खरोखर अडकला होता तिथवर माझा उपवास कधी पोहोचलाच नव्हता, हे त्या प्रश्नाने मला कळले.

तुम्ही उपदेश केला नाहीत, घाईही केली नाहीत. दर शुक्रवारी चर्चमध्ये येशूच्या दुःखसहनाचे स्मरण करणारी क्रुसाच्या वाटेची १४ स्थानांची प्रार्थना आटोपली की तुम्ही घरी येत होतात. पहिल्या खेपेस आपण त्या खोलीत नुसत्या बसलो. पुढच्या खेपेस तुम्ही मशीनला तेल घातलेत, गंजलेली सुई बदललीत आणि मला बाबांविषयी पोटभर बोलू दिलेत, जे इतक्या वर्षांत मला कोणी विचारलेच नव्हते. राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या दिवशीच्या पवित्र शनिवारपर्यंतच्या ४६ दिवसांतून सहा रविवार वगळले की ४० उरतात, कारण रविवार येशूच्या पुनरुत्थानाचा, तो उपवासात धरत नाहीत. म्हणून रविवारी मात्र तुम्ही मशीनचा विषय न काढता संत्री घेऊन आलात.

ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यात, घरोघरी कूलरला वाळ्याच्या ताट्या लागत असताना, ब्लाऊज शिवून घर चालवणाऱ्या पलीकडच्या गल्लीतल्या बाईंकडे आपण ती मशीन पोहोचवली. शुभ शुक्रवारी मी भाचीची क्षमा मागितली, तेही तुम्ही सुचवले म्हणून. उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये, हे दानाविषयीचे बायबलमधील मत्तयाचे वचन तुम्ही जपता, म्हणून तुमचे नाव येथे लिहीत नाही.

संध्याकाळी त्या गल्लीतून जाताना मशीनचा आवाज येतो आणि मी थांबून ऐकते. त्या आवाजासाठी, काकू, तुमचे मनःपूर्वक आभार.

आपली नम्र,
सदरची शेजारीण