फसणाऱ्या नाटकांनाही रंगमंच हवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

नाट्यस्पर्धा आणि महोत्सवांचा मोसम आला की ‘दर्जा घसरला’ ही तक्रार पाठोपाठ येते. प्राथमिक फेरीत कच्ची नाटकं फार येतात, आधीच चाळणी लावा, संख्या कमी करा, असं जाणकार मंडळी सुचवतात. माझं मत याच्या अगदी उलट आहे. गेल्या ऑगस्टमध्ये स्कॉटलंडमधल्या एडिंबऱ्याला एक अख्खा दिवस नाटकं पाहिल्यावर ते जास्तच पक्कं झालं, म्हणून हे पत्र.

माझी मुलगी ग्लासगोला असते. तिथून एडिंबरा रेल्वेने तासाभराच्या आत. १९४७ साली, महायुद्ध संपल्यावर, त्या शहरात आंतरराष्ट्रीय कला महोत्सव सुरू झाला. आमंत्रण नसलेल्या आठ नाटक मंडळ्या तेव्हा आपण होऊन आल्या आणि मिळेल त्या जागी त्यांनी प्रयोग लावले. त्यातून ‘फ्रिंज’ हा सर्वांना खुला महोत्सव उभा राहिला. आजही तिथे निवड समिती नाही. जागा मिळवायची, नोंदणीचे पैसे भरायचे आणि प्रयोग करायचा. ऑगस्टमधल्या तीन-साडेतीन आठवड्यांत तीन हजारांवर कार्यक्रम होतात. चर्चची सभागृहं, विद्यापीठाचे वर्ग, पबची माडी, तळघरं, काही म्हणता काही सोडलेलं नसतं. बहुतेक प्रयोग तासाभराचे, कारण पुढची मंडळी सामान घेऊन दाराशी उभीच असतात.

रॉयल माइल या जुन्या रस्त्यावर नट स्वतःच आपल्या नाटकाची पत्रकं वाटतात. पुठ्ठ्याचा मुकुट घातलेल्या एका पोरसवदा राजाने भर पावसात आमच्या हातात पत्रक दिलं, म्हणून त्याच्याच नाटकाला गेलो. महाविद्यालयीन मुलांनी ग्रीक शोकांतिका तासाभरात बसवली होती. ती साफ फसली. पहिल्या वाक्यापासून सगळे वरच्या पट्टीत, त्यामुळे खरा आक्रोश आला तेव्हा चढायला जागाच उरली नव्हती. धूर इतका सोडला की पहिल्या रांगेतले लोक खोकू लागले. राजाच्या मृत्यूच्या वेळी अंधार एक वाक्य आधीच झाला आणि बिचारा अंधारातच पडला. पण त्या कोरसमध्ये, म्हणजे एकत्र बोलणाऱ्या नटांच्या घोळक्यात, डावीकडून दुसरी एक मुलगी होती. बाकीचे हातवारे करत असताना ती नुसती ऐकत होती. राणी बोलू लागली की हिचा श्वास बदलायचा. एवढ्या गोंधळात माझी नजर तिच्यावरून हलली नाही.

दुपारी पबच्या माडीवर एका तरुणाचा विनोदी कार्यक्रम पाहिला. तिकीट नव्हतं, शेवटी बादलीत यथाशक्ती पैसे टाकायचे. त्याचे बोल माझ्या कानांना अवघड गेले आणि तिथल्या लोकांनाही फारसं हसू येत नव्हतं.

मग ते तळघर. पन्नासेक खुर्च्या, समोर इस्त्रीचं टेबल आणि तारेवर लटकवलेले शर्ट. एक मध्यमवयीन बाई आली, तिने इस्त्री लावली आणि खरोखरच कपड्यांना इस्त्री करायला लागली. तिची आई लाँड्री चालवायची. एकेक शर्ट म्हणजे आईचं एकेक गिऱ्हाईक. पैसे बुडवणाऱ्याची कॉलर ती दात आवळून दाबायची, विधुर मास्तरांच्या शर्टाची बटणं मात्र इस्त्रीच्या टोकाने हळुवार चुकवायची. वाफेचा आणि ओल्या सुताचा वास तळघरभर पसरला होता. शेवटचा कपडा आईचा, हॉस्पिटलमधून परत आलेला. तिने इस्त्रीची पिन काढली आणि त्याच्या सुरकुत्या नुसत्या तळहाताने सारख्या केल्या. बराच वेळ. माझ्या शेजारचे धिप्पाड गृहस्थ उघड रडत होते, मीही रडलो. प्रयोग संपल्यावर तीच बाई टेबल दुमडून जिन्यावरून वर नेत होती.

संध्याकाळी मोठ्या तंबूत महागड्या तिकिटाच्या कसरती पाहिल्या. कुठे बोट ठेवायला जागा नव्हती, आणि आज त्यातलं काही आठवतही नाही.

आता मला सांगा, ‘एक बाई तासभर इस्त्री करते’ एवढ्या कागदावर कुठल्या समितीने तिला निवडलं असतं? ती आणि तो मुकुटवाला राजा एकाच दारातून आत आले. राजाला दारातच अडवायचं ठरवलं तर बाईही बाहेर राहते.

शिवाय त्या मुलांचा तो पहिल्या आठवड्यातला प्रयोग होता. अंधार कधी करायचा, आवाज कुठे राखायचा, हे दुरुस्त करायला त्यांच्याकडे पुढचे रोजचे प्रयोग होते. आपल्याकडे राज्य नाट्य स्पर्धेसाठी जिल्ह्यातली हौशी मंडळी नोकऱ्या सांभाळून दोन-तीन महिने तालमी करतात, केंद्रावर एक प्रयोग होतो, निकाल लागतो आणि पुढची फेरी मिळाली नाही तर नेपथ्य माळ्यावर जातं. फसलेला प्रयोग दुसऱ्या दिवशी सुधारायची सोयच नाही. मग दर्जा वाढणार कुठून?

फ्रिंजचं सगळं आदर्श आहे असं नाही. ऑगस्टमध्ये तिथे राहण्याचे दर इतके चढतात की कित्येक कलाकार पदरमोड करून परततात. समिती नसली तरी खिसा निवड करतोच. म्हणून आपल्याकडे हे करायचं तर स्वस्तातच करावं लागेल, आणि ते आपण केलेलं आहे. दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात १९७४ पासून ‘आविष्कार’ या नाट्यसंस्थेने प्रायोगिक नाटकांना जागा दिली. नोकरीनिमित्त मुंबईत होतो तेव्हा मी तिथे जायचो. सगळे प्रयोग जमलेले नसत. तरी आम्ही परत जायचो, कारण पुढचा कदाचित जमेल याची ओढ असायची.

सांगलीला आपण नाट्यपंढरी म्हणतो. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली इथे ‘सीता स्वयंवर’ केलं, त्याची आठवण म्हणून ५ नोव्हेंबरला रंगभूमी दिन साजरा होतो. नारळ फुटतो, सत्कार होतात. त्याच आठवड्यात सांगली, मिरज, कोल्हापुरातल्या शाळांची आणि वाचनालयांची सभागृहं संध्याकाळी नाममात्र भाड्याने खुली करावीत. येईल त्या मंडळाला घ्यावं, प्रत्येकाला सलग पाच प्रयोग द्यावेत, तिकीट पन्नास रुपये, बक्षीस काही नाही. प्रयोगाआधी संहितेला घ्याव्या लागणाऱ्या सरकारी प्रमाणपत्रासाठी नव्या मुलांना मदत करणारं एखादं जाणतं माणूस तेवढं नेमावं. आपल्या दैनिकाने पहिल्या आणि पाचव्या प्रयोगाला वार्ताहर पाठवून चार-चार ओळींचं परीक्षण छापावं, अशी विनंती आहे. खुर्च्या मांडायला आम्ही निवृत्त मंडळी येऊ.

आपला,
एक नाट्यप्रेमी वाचक, सांगली