एफडी मोडू नका, गाडी झाली

ती. आई-बाबांना सा. न.

सगळ्यात आधी हे, की माझ्या गाडीसाठी एफडी मोडू नका. गाडी घेतली, पैसे देऊन झाले, आरसी माझ्या नावावर करायला टाकली पण. बोलेरो पिकअप, २०१९ चं मॉडेल, १.७ टनवाली, नऊ फुटी हौदा, साडेपाच लाखांना. नवीन घ्यायची तर याच्या कितीतरी वर जाते, आणि बाबा तुम्ही नवीनच घे म्हणताय ते मायेपोटी म्हणताय हे मला कळतं, पण आमचं रोपांचं काम पावसाळ्यात श्वास घ्यायला वेळ देत नाही आणि उन्हाळ्यात पार थंड पडतं, हप्ता मात्र बारा महिने तेवढाच. आणि तुमच्या म्हातारपणाच्या पैशांवर मी माती वाहणार नाही. एवढं माझं ऐकाच.

भाड्याच्या टेम्पोवर भागेनासं झालं होतं. उरुळी कांचनला पहाटे रोपं भरायची आणि उन्हं चढायच्या आत बाणेर-वाकडच्या सोसायटीत उतरवायची, त्यात टेम्पोवाला आठला येतो म्हणून दहाला आला की अर्धी रोपं माना टाकतात. छोटा हत्ती पाऊण टनाची गाडी, ओल्या मातीच्या गोणी भरल्या की वीस-पंचवीस गोण्यांतच त्याचं पोट भरतं, मग दुसरी खेप.

बाबा, आता तुमच्यासाठी. डेपोतून आल्यावर तुम्ही अंगणात काकांच्या जीपचं इंजिन उघडून बसायचात आणि मी टॉर्च धरायचे, तेच सगळं या वेळी कामी आलं. गाडीवाल्याला आदल्या दिवशीच सांगून ठेवलं की मी येईपर्यंत स्टार्टर मारायचा नाही. गेल्या गेल्या बॉनेटला हात लावून बघितला, गार होतं. गरम इंजिन सगळी दुखणी लपवतं हे तुमचंच वाक्य. पहिल्या सेल्फला उठली, जरा धूर सोडला आणि मिनिटभरात साफ. निळा नाही, म्हणजे ऑइल जळत नाही, पांढरा रेंगाळत नाही, ॲक्सिलरेटर दाबल्यावर काळा लोटही नाही. मग चालू इंजिनवर ऑइलचं झाकण सैल करून तसंच वर ठेवलं. आधी एका एजंटकडे बघितलेल्या गाडीत ते झाकण उड्या मारत होतं आणि खालून भकाभका वाफ येत होती, तो म्हणे नॉर्मल आहे मॅडम, डिझेलला असतंच. इथे झाकण जागेवर नुसतं थरथरत राहिलं, म्हणजे बॅक कॉम्प्रेशन नाही, सिलेंडरमधला दाब खाली गळत नाही. डिपस्टिकवर ऑइल काळं होतं, डिझेलला ते असणारच, पण दुधाळ नव्हतं, म्हणजे पाणी मिसळत नाहीये, हेड गॅस्केट ठीक. त्याच एजंटच्या गाडीचा मीटर साठ हजार दाखवत होता आणि क्लचच्या पेडलचं रबर झिजून खालचं लोखंड चकाकत होतं, म्हणजे मीटर मागे फिरवलेला. तिथून सरळ निघून आले.

पण मला खरं पटलं ते वेगळ्याच गोष्टीमुळे. ही गाडी हडपसरच्या एका गादीवाल्याची. गाद्या जागा खातात, वजन काहीच नाही. मी खाली वाकून मागचे स्प्रिंगचे पाटे बघितले तर त्यांचा बाक अजून शाबूत, पाटे जिथे अडकवतात त्या शॅकलचे रबरी बुश फक्त गेलेले, आणि चासीला कुठे वेल्डिंगचा डाग नाही. वाळू-विटांच्या गाड्यांचे पाटे सपाट झालेले असतात, काहींचे तर उलटे वाकलेले, मग किलोमीटर कितीही कमी सांगोत. जुन्या पिकअपला किती पळाली हे नंतर विचारावं, काय वाहिलं ते आधी, असं माझं ठाम मत झालंय.

इंजिन २५२३ सीसीचं, बीएस-४, म्हणजे धुराच्या आधीच्या नियमांतलं, आणि ते मुद्दाम. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ डिझेलला सायलेन्सरच्या लाइनीत काजळी अडवणारा फिल्टर असतो, डीपीएफ म्हणतात. त्यातली काजळी जळून जायला गाडी अधूनमधून सलग पळावी लागते, आणि मी तर निम्मा दिवस सिटीत पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, तो तुंबायचाच.

कागदांचं आई विचारत होती. गाडी नावावर करायचे फॉर्म २९ आणि ३० झाले, गाडीवर कर्ज होतं ते फिटल्याची बँकेची एनओसी आणि आरसीवरून बँकेचं नाव काढायचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय मी शेवटचा लाख दिला नाही. फिटनेस आहे, २०२७ मध्ये आठ वर्षं झाली की मग दरवर्षी करावा लागेल. आणि आई, पिवळी नंबर प्लेट असली तरी माझं साधं लायसन्स चालतं, ७५०० किलोच्या आतल्या गाडीला चालतं असं सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्टच सांगितलंय. मावशीलाही सांग. पोरगी टेम्पो चालवते म्हणून कोणी काही बोललं तर बोलू दे, मला त्या सीटवर बसलं की फार बरं वाटतं गं.

आता करून काय काय घेतलं. हौद्याचा तळ घासून रेड ऑक्साइड मारलं, वर चेकर्ड प्लेट टाकली आणि चारही कोपऱ्यांत भोकं ठेवली, कारण कुंड्यांतून पाणी गळतच राहतं आणि ते साठलं की पत्रा वर्षात खाल्ला म्हणून समजा. चौकोनी पाइपचा दोन मजली रॅक केलाय, पण वेल्डिंग नाही, सगळा नट-बोल्टवर, काम नसलं की काढून ठेवता येतो. त्यावर हिरवी शेडनेट, कारण हायवेला ऊन परवडलं पण वारा पानं फाडतो. केबिनच्या पाठीला लागून दोनशे लिटरची पाण्याची टाकी, म्हणजे भरली की दोनशे किलो, आणि मातीच्या गोण्याही तिथेच पुढे, मागच्या फाळक्याकडे फक्त हलकी रोपं. वजन मागच्या चाकांच्या मागे गेलं की पुढचं उचलतं आणि स्टिअरिंग हलकं लागतं.

फॅब्रिकेटर मागे लागला होता की पुढे जाड गार्ड लावा आणि दोन पाटे वाढवा, दोन टन आरामात जाईल. दोन्हीला नाही म्हणाले. असल्या गार्डवर, म्हणजे बुलबारवर, केंद्राने २०१७ च्या डिसेंबरलाच कारवाईचे आदेश दिलेत, चालणाऱ्या माणसाला ते फार वाईट लागतात, आणि कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत बदल चालत नाही असं कोर्टाने २०१९ मध्ये सांगितलंय. शिवाय पाटे वाढवून ब्रेक थोडेच वाढतात? बुश आणि पाटे आवळणारे यू-बोल्ट तेवढे नवीन टाकले, चारही ब्रेक उघडून पुढचे पॅड आणि मागचे लायनर बदलले. तिथे पैसे वाचवले नाहीत.

खंबाटकी घाटाची काळजी करू नका बाबा, ज्या गिअरमध्ये चढायचं त्याच गिअरमध्ये उतरायचं हे पाठ आहे मला.

गुरुवारी सकाळी घेऊन येते. तिसऱ्या गिअरला ॲक्सिलरेटर सोडताना हलका आवाज येतो, मेकॅनिक म्हणतो मागच्या चाकांना ताकद नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस, म्हणजे सांधा, असेल, तुम्ही वाईच्या रस्त्याला एक चक्कर मारून ऐका आणि काय ते सांगा, तोवर मी त्याला हात लावू दिलेला नाही. आणि आई, शेणखताच्या गोण्या भरून ठेवायला सांग, येताना रिकामी आणतेय, जाताना नेईन, पण टनाच्या वर नकोत.

तुमची
मनू