सूचना : संमतिवयाची चर्चा पुढच्या रविवारी चालू राहील

सर्व सभासदांना सप्रेम नमस्कार.

गेल्या बैठकीत १८९१ च्या संमतिवय कायद्यावरून आवाज चढले. (टिळकांचा या कायद्याला विरोध होता, आगरकरांचा पाठिंबा.) "टिळकांची बाजू घेणाऱ्यांना पोरींच्या जिवाची पर्वा नाही" आणि "आगरकरवाले म्हणजे इंग्रजांचे भाट" ही दोन्ही वाक्यं बोलली गेली. ती कुणी मनाला लावून घेतली असतील तर त्यांना मी दोष देणार नाही. पण विषय बंद करा, ही मागणी मला मान्य नाही.

कायद्याने मुलीशी शरीरसंबंधासाठीचं किमान वय, लग्नातही, १० वरून १२ केलं, एवढंच. त्यामागचा प्रश्न मात्र आजही सुटलेला नाही : सुधारणा समाजाने आतून करायची की परक्या सरकारच्या कायद्याने का होईना, करून घ्यायची? यावर आपल्यात एकमत होईल असं मला वाटत नाही, आणि व्हायलाच हवं असंही नाही. टिळक-आगरकर १८८२ साली डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस एकत्र होते. पुढे आगरकरांनी 'केसरी' सोडला, १८८८ मध्ये 'सुधारक' काढला. त्यांच्यातली कटुता खरी होती, ती झाकायची गरज नाही.

यापुढे मतावर हवं तेवढं तुटून पडा, पण समोरच्याचा हेतू काढू नका. "माझं अजून ठरत नाही" म्हणणाऱ्याला बाजू निवडायला लावू नका.

ज्यांनी येणं थांबवलंय त्यांना मी स्वतः फोन करते आहे. बैठक नेहमीच्या जागी, संध्याकाळी ५ वाजता. आगरकरांचे निबंध ज्यांच्याकडे आहेत त्यांनी कृपया आणावेत.

– चिटणीस