पुरात ‘आम्ही ठीक आहोत’ एवढे पुरत नाही

महोदय,

आयर्विन पुलाजवळ कृष्णा 40 फुटांवर गेली की इशारा आणि 45 ला धोका, हे सांगलीत शेंबड्या पोरालाही पाठ असते. त्याच सुमारास पुणे, बंगळुरू, कॅलिफोर्निया इथून फोन सुरू होतात आणि घरातले दोघे म्हातारे पाण्याकडे बघायचे सोडून फोनच घेत बसतात. मुलांची काळजी खरी आहे, पण वीज गेल्यावर प्रत्येक फोन बॅटरी खातो.

पाणी चढू लागले की रोहित्रे बंद करावीच लागतात. मग मोबाइलचा टॉवर बॅटरीवर किंवा डिझेलवर येतो, रेंज पडते, आणि ती शोधण्यातच फोन उतरतो. म्हणून खबर दिवसातून दोनदाच द्यावी, सकाळी 8 आणि रात्री 8 ला. मधल्या वेळात फोन फ्लाइट मोडवर ठेवावा. पावसाळ्यात कॅलिफोर्निया आपल्या साडेबारा तास मागे असते, म्हणजे आपल्या दोन्ही आठांना तिथे साडेसात वाजलेले असतात. कोणाचीच झोपमोड नाही. मेसेज एकाच मुलाला करावा, बाकी गोतावळ्याला त्याने कळवावे. व्हॉट्सॲपवर एकच टिक दिसत राहिली तर साधा एसएमएस करावा. नेट अडले तरी तो बऱ्याचदा जातो.

‘आम्ही ठीक आहोत, काळजी करू नका’ यातून लांबच्या माणसाला काहीच कळत नाही. मेसेज असा हवा : ‘पाणी तिसऱ्या पायरीवर. दुपारपासून एक पायरी चढले. वीज नाही. गोळ्या 12 दिवसांच्या. फोन 64 टक्के.’ पाणी टेकले त्या जागी वेळ लिहून ठेवावी, पण तेलखडूने. साधा खडू पाणी चढले की धुऊन जातो आणि वेग किती, हेच कळेनासे होते.

पॉवर बँकेवर 10,000 एमएएच लिहिलेले असले तरी हातात सहा-साडेसहा हजारच येतात, म्हणजे हल्लीचा फोन जेमतेम सव्वा वेळा भरतो. ‘लँडलाइन आहे की’ या भरवशावरही राहू नये. जुन्या तांब्याच्या तारेला वीज एक्स्चेंजमधून यायची. फायबरच्या फोनचा मोडेम घरच्या विजेवर चालतो, वीज गेली की तो मुका. इन्व्हर्टरची मोठी बॅटरी 50 किलोंच्या पुढे भरते. ती दोन म्हाताऱ्यांनी ऐन वेळी उचलायची नसते, मे महिन्यातच इलेक्ट्रिशियनकडून वरच्या मजल्यावर बसवून घ्यावी.

स्वयंपाकाचा गॅस सिलिंडर भरलेला असला तरी पाण्यावर तरंगतो, हे अनेकांना पटत नाही. भरलेला सुमारे 30 किलोंचा असतो आणि त्याहून जास्त पाणी बाजूला सारतो. मग तो नळी ओढत घरभर फिरतो. रेग्युलेटर काढून, टोपण लावून तो खिडकीच्या गजाला बांधावा. मेन स्विच पाणी उंबऱ्याशी असतानाच, कोरड्या हाताने बंद करावा.

वापरात असलेले इन्सुलिन फ्रिज बंद पडला तरी लगेच वाया जात नाही. 30 अंशांच्या आत बहुतेक प्रकार चार आठवडे टिकतात, मात्र खोक्यावरची सूचना वाचावी. घाबरून ते बर्फात पुरतात तिथे घोटाळा होतो. एकदा गोठलेले इन्सुलिन टाकूनच द्यावे लागते.

गुडघ्यांची शस्त्रक्रिया झालेल्यांनी मात्र होडीची वाट पाहू नये. हलत्या होडीत पाय टाकणे त्यांना जमत नाही. 40 फुटांनाच, रिक्षा दारात येते तोवर निघावे. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटांवर गेले होते, तेव्हा ‘आमच्या आळीत कधी येत नाही’ म्हणणारेच गच्चीवर अडकले.

मुलांसाठी एक : त्याच 2019 चे व्हिडिओ दर जुलैत ‘आत्ताचे’ म्हणून फिरतात. ते आईवडिलांना पाठवून ‘खरं का?’ विचारू नये. आणि पुण्यात बसून 1077 हा जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा नंबर फिरवला तर तो सांगलीत लागेलच असे नाही. सांगलीच्या नियंत्रण कक्षाचा थेट नंबर जूनमध्येच लिहून ठेवावा.

– एक ज्येष्ठ दांपत्य, गावभाग, सांगली