ठसका लागला तर 'वर बघ' म्हणू नकोस

प्रिय बंडू,

तू येऊन राहतोस हे कळल्यावर तुझी वहिनी बऱ्याच दिवसांनी मोकळी हसली. लेकीच्या बाळंतपणाला जायचं की नाही, यावर घरात नुसती कुजबुज चालली होती. अंघोळ, उठवणं-बसवणं यासाठी पगारी मदतनीस मामा येतात, ते काम तुझ्याकडे नाही. तुझ्याकडे आहे तो माझा खोकला. फोनवर माझे निम्मे शब्द तुला कळत नाहीत आणि तू उगाच 'हो हो' म्हणतोस, म्हणून टॅबवर एका बोटाने हे लिहून काढतोय.

आधी मुद्द्याचं. मी खोकलो की घाबरू नकोस. खोकता आलं नाही तर घाबर. माझ्या फुप्फुसांना काही झालेलं नाही; एएलएसने, म्हणजे स्नायू हलवणाऱ्या नसा हळूहळू निकामी करणाऱ्या या आजाराने, स्नायूंचा कारभार बिघडवलाय. खोकायला आधी खोल श्वास लागतो, मग घशातली झडप क्षणभर घट्ट मिटावी लागते आणि मग पोटाने झटका द्यावा लागतो. सायकलच्या पंपाचं तोंड बोटाने दाबून धरायचं आणि एकदम सोडायचं, तसं. माझ्याकडे श्वास उथळ, झडप सैल आणि पोटात जोर नाही. हा जोर मोजायचं साधं मीटर असतं. धडधाकट माणूस खोकला की काटा मिनिटाला ३६० लिटरच्या पुढे सहज जातो. २७०च्या खाली आलं की साधी सर्दीसुद्धा महागात पडू शकते, आणि १६०च्या खाली बेडका स्वतःच्या जोरावर सुटणं कठीण. मी सध्या २१०च्या आसपास आहे. म्हणून शिंकणारा पाहुणा आला की वहिनी त्याला अंगणातच चहा पाजून वाटेला लावते. तुलाही सर्दी असेल तर आधी कळव, मी रागावणार नाही.

आता जेवताना लागणारा ठसका. आपल्याकडे कुणाला ठसका लागला की सगळे 'वर बघ, वर बघ' म्हणत डोक्यावर थापट्या मारतात आणि पाण्याचा पेला पुढे करतात. यातलं एकही करू नकोस. मान वर केली की घास श्वासनळीकडे जायला वाट मोकळी होते. मला हनुवटी छातीकडे घेऊन गिळायला शिकवलंय. आणि पाणी हीच माझी सगळ्यात अवघड वस्तू. पातळ असल्यामुळे झडप मिटायच्या आत ते घशातून पुढे पळतं. म्हणून पाण्यात, चहात घट्ट करायची पावडर घालतात, माप डब्यावर लिहिलंय. खिमट, घट्ट वरणात कालवलेला मऊ भात, दह्यातला शिरा चालतो. पोहे, चिवडा, सुकं खोबरं बंद. शेवयांची खीर दिसायला गरीब, पण दूध एकीकडे आणि शेवया दुसरीकडे जातात. जेवताना मला हसवू नकोस, हे तुला जड जाईल. जेवल्यावर तासभर तरी आडवं करू नकोस.

ठसका लागला की मला पुढे वाकव आणि थांब. आवाज येतोय, खोकतोय, म्हणजे काम चालू आहे. मान हलवून खूण केली की बरगड्यांच्या खाली, बेंबीच्या वर तळहात ठेव आणि मी खोकेन त्याच क्षणी आत आणि वर दाब. पोट भरलेलं असताना मात्र हे नको. आवाजच निघेना, चेहरा निळा पडतोय असं झालं तर गोष्ट वेगळी: दोन खांद्यांच्या मध्ये पाच जोरदार थापा, मग पोटावर वरच्या दिशेने पाच धक्के, आणि १०८ला फोन.

कधी कधी घास नसतानाही घसा एकदम आवळतो आणि श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज येतो. दिसायला भयंकर, पण बहुधा थोड्या वेळात सुटतं. तेव्हा शांतपणे 'नाकाने घे, हळू' एवढंच म्हण. तू धावपळ केलीस की माझा घसा आणखी आवळतो.

सकाळ-संध्याकाळ खोकायला मदत करणारं कफ असिस्ट मशीन लावायचं. किंमत लाखांत आहे, आम्ही भाड्याने आणलंय. मास्क लावला की ते आधी हवा भरतं आणि लगेच उलटी ओढून घेतं. बऱ्याच जणांना पाण्याच्या ४० सेंटीमीटरइतका दाब लावतात. माझा कमी ठेवलाय, कारण जास्त दाबाने माझा घसा उलट मिटतो. त्या बटणाला हात लावू नकोस. वर आलेला कफ सक्शनने, म्हणजे ओढून घेणाऱ्या नळीने, तोंडातून काढायचा. वीज गेली तर अंबू बॅग, म्हणजे हाताने दाबून हवा भरायचा फुगा, आहेच: त्याने मी एकावर एक दोन-तीन श्वास साठवतो, मग तू पोटावर दाबायचंस.

लाळ कमी करायची गोळी चालू आहे, पण तिचा त्रास असा की लाळ आटली की कफ चिकट होतो. म्हणून दिवसभर थोडं थोडं प्यायला देत राहा आणि सलाइनची वाफ चुकवू नकोस. शेजारचे काका खोकल्याचं औषध घेऊन येतील. आभार मान आणि बाटली फडताळात ठेव. खोकला दाबणारं औषध म्हणजे माझ्याकडे उरलंय तेही काढून घेणं.

दवाखान्यात न्यायची वेळ आली तर बायपॅप, म्हणजे मास्कमधून श्वासाला जोर देणारं मशीन, बरोबर घे आणि डॉक्टरांना पहिल्यांदा एएलएस सांग. नुसता ऑक्सिजन लावून ठेवला तर ऑक्सिजनच्या आकड्यात सगळं छान दिसतं आणि आत कार्बन डायऑक्साइड साठत जातो. फाइल टीव्हीखालच्या खणात आहे, पहिल्याच पानावर हे लिहिलंय.

तू शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंगचं नाव काढलं होतंस ना, याच आजारात पंचावन्न वर्षं काढली म्हणून? काढली खरी. पण १९८५ साली जिनिव्हाला असताना न्यूमोनियाने गाठलं, गळ्याला भोक पाडावं लागलं आणि होता तेवढा आवाजही गेला. माझा आवाज जड झालाय, पण आहे. तुझ्याशी भांडायला तो मला हवाय, म्हणून एवढी कटकट.

शनिवारीच ये. वहिनीची गाडी रविवारी दुपारची आहे, म्हणजे मशीन कसं लावायचं ते ती तुला समोर उभं करून दाखवेल. आणि मफलर आण, इथे पहाटे गारठा पडतो.

तुझा,
अण्णा