पप्पांनी तीनदा वाचून घेतलेलं स्तोत्र

प्रिय बाळा,
सप्रेम सलाम.

नाताळला तू आलास, मला शरणपूरला देवळापर्यंत सोडलंस, पण स्वतः फाटकाबाहेर गाडीवरच बसून राहिलास. तेव्हा मी बोलले नाही, म्हणून आज लिहितेय.

पप्पांच्या मातीच्या दिवशी तुला कुणीतरी म्हणालं, "विश्वास कमी पडला, नाहीतर बरे झाले असते." मी ऐकलं होतं. त्या माणसाला तिथेच अडवायला हवं होतं, पण अंगात बळ नव्हतं. ते बोलणं खोटं आहे, बाळा.

शेवटच्या आठवड्यात पप्पांना पाणीही गिळवत नव्हतं. मी कापसाच्या बोळ्यानं ओठ ओले करायचे. एका रात्री म्हणाले, ८८ वं स्तोत्र वाच. वाचता वाचता मी घाबरले. दुःखाची बाकीची स्तोत्रं बहुतेक शेवटी स्तुतीकडे वळतात. हे वळतच नाही, अंधारातच संपतं. मी घाईनं धीर देणारं २३ वं काढायला लागले, तर त्यांनी माझं मनगट धरलं. "हेच. परत वाच." तीनदा वाचून घेतलं, मग झोप लागली त्यांना.

विश्वास कमी असलेला माणूस अंधारात कुणाला हाक मारेल, सांग बरं? पवित्र शास्त्रातल्या ईयोबावर एवढी संकटं आली, त्यानं तर देवाला उघड जाब विचारला. मित्र मात्र देवाची बाजू घेऊन म्हणत राहिले, तुझंच काहीतरी चुकलं असेल. शेवटी देव कोपला तो मित्रांवर. आधी सात दिवस, सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसून होते, तेवढंच त्यांनी बरं केलं. आणि वधस्तंभावर प्रभूनंही विचारलंच ना, माझा त्याग का केलास म्हणून?

आपल्या जलालपूरच्या लक्ष्मीबाई टिळक बघ. त्यांच्या यजमानांनी, कवी नारायण वामन टिळकांनी, १८९५ ला बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि त्यांचा संसारच मोडला. किती रडल्या, किती भांडल्या! स्वतः बाप्तिस्मा घेतला तो १९०० साली. मग पप्पा जाऊन आठच महिने झालेत, तुला देवळात यायची मी कशी घाई करू?

पप्पा का गेले, मला ठाऊक नाही. मीही रोज विचारते, कधी मोठ्यानं. तूही विचार, पण देवालाच विचार रे.

पप्पांचं पवित्र शास्त्र कुरियरनं पाठवलंय. ८८ व्या स्तोत्राचं पान पाणी पडून पुढच्या पानाला चिकटलंय. हलक्या हातानं सोडव.

तुझी,
आई